कोळसा उगाळावा तितका महागच!

मीरा-भाईंदरच्या हाटकेशमधल्या कुणाच्याही वीजबिलावर इंधन समायोजन आकाराची ओळ शोधा. कोळसा महागला की ती फुगते. वीजप्रकल्पात पैसा बुडतो तो बॉयलर फुटून नव्हे, कागदांमुळे. त्यातल्या काही कागदांची ही गंमत.

बुटीबोरी ते मीरा-भाईंदर

नागपूरजवळच्या बुटीबोरीत रिलायन्सच्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरने ६०० मेगावॉटचा प्रकल्प उभारला. गिऱ्हाईक कोण? रिलायन्सचंच मुंबई उपनगरांचं वीजवितरण, आणि मीरा-भाईंदर त्याच हद्दीत. घरचंच दुकान, घरचंच गिऱ्हाईक, मग बिघडलं कुठे? प्रत्यक्ष झालेला सगळा इंधनखर्च ग्राहकांकडून वसूल करायला राज्य वीज नियामक आयोगाने नकार दिला. कंपनी अपिलात जिंकली, आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर १,७०० कोटींच्या वर येणं अडकलं, कर्जाचे हप्ते थकले आणि २०१९च्या सुरुवातीला संच थंडावले.

दरम्यान २०१८ मध्ये हे उपनगरांचं वितरण अदानींकडे गेलं. अदानी इलेक्ट्रिसिटीने २०१९च्या अखेरीस हा वीजखरेदी करार मोडला. आणि २०२५ मध्ये बंद प्रकल्प ४,००० कोटींना विकत घेतला कुणी? अदानी पॉवरने!

वकिलांना हा प्रकल्प वेगळ्याच कारणाने पाठ आहे. कर्ज थकलं म्हणून दिवाळखोरी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतलाच पाहिजे असं नाही, परिस्थिती बघावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल याच प्रकरणातला. बँकांना तो चांगलाच झोंबला.

नवरदेव तयार, नवरी नाही

सिन्नरचा १,३५० मेगावॉटचा रतनइंडिया प्रकल्प. २०१७ पर्यंत पाचही संच तयार, पण वीजखरेदीचा करार नाही आणि कोळसा आणायच्या रेल्वेमार्गाचं भूसंपादन रखडलेलं. हजारो कोटींची यंत्रं नुसती उभी. २०२२ मध्ये दिवाळखोरी, मग बोली लावायला पुढे आल्या सरकारी महानिर्मिती आणि एनटीपीसी. याच गटाचा अमरावतीचा प्रकल्प तेवढ्याच क्षमतेचा, पण त्याच्याकडे महावितरणचा करार होता. तरी सुमारे ६,५७५ कोटींचं कर्ज २०२० मध्ये ४,०५० कोटींत मिटवावं लागलं. फरक कुणी सोसला, हे बँकांना विचारा.

वाघ आडवा गेला

गोंदियातल्या तिरोडा प्रकल्पाला लोहारा कोळसा खाण मिळणार होती. पण खाण ताडोब्याच्या वाघांच्या वाटेवर निघाली आणि पर्यावरण परवानगी अडली. कोळसा दुसरीकडून आला, महाग पडला. वाढीव खर्च कुणाच्या माथी, यावर वर्षानुवर्षं खटले. वाघाला अर्थातच कुणी पक्षकार केलं नाही.

२ रुपये २६ पैसे

मुंद्र्याच्या टाटांच्या अतिविशाल प्रकल्पाने सरासरी युनिटला २ रुपये २६ पैसे दराने वीज द्यायचं कबूल केलं. महाराष्ट्रही गिऱ्हाईक. भिस्त इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशावर. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला, की बाजारभावाखाली निर्यात नाही. परदेशातला कायदा बदलला म्हणून दर वाढवून मिळणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठणकावलं. जकार्तात सही झाली आणि घाम मुंबईत फुटला!

झटपट

- कोळशावरचा उपकर २०१० मध्ये टनाला ५० रुपये होता, २०१६ मध्ये ४००. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला, पण जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. चाळीस वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाचा हिशेब मांडणाऱ्याने काय धरावं?
- २०१५च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र पाण्याविना बंद पडलं. कोळसा असून उपयोग शून्य.
- २०१८ मध्ये संसदीय समितीने देशातल्या अडचणीतल्या कोळसा प्रकल्पांची यादी मांडली. नावं ३४, क्षमता ४० हजार मेगावॉटच्या वर.

चिकूंची करामत

मीरा-भाईंदरहून रेल्वेने तासा-दोन तासांवरचं डहाणू. तिथलं ५०० मेगावॉटचं केंद्र चिकूच्या वाड्यांशेजारी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या प्राधिकरणाने धुरातला गंधक शोषणारी यंत्रणा बसवायला लावली आणि २००७ मध्ये ती सुरूही झाली. बाकी देशासाठी सरकारने २०१५ मध्ये तसा नियम केला, मुदती पुन्हापुन्हा वाढवल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक प्रकल्पांना त्यातून मोकळं केलं. मुदत पाळायला निघालेल्यांनी तोवर कोट्यवधी घातले होते. थांबलेल्यांचे वाचले.