बर्फावर सहा, यादीत बावीस

आमच्या तळेऱ्यात बर्फ भेटतो तो मासळीच्या खोक्यात. तरी मी आइस हॉकीच्या संघयाद्या वाचतो. नाक्यावर लोक हसतात, हसू देत. जून २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐन इथं महिलांच्या आशिया चषकात भारतानं पहिल्यांदा कांस्य मिळवलं, तेव्हापासूनचं हे वेड. त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या.

सामन्याच्या यादीत जास्तीत जास्त २२ नावं: २० खेळाडू, २ गोलरक्षक. बर्फावर मात्र एका वेळी सहाच. मग एवढ्याजणी कशाला? जड पोशाखात पूर्ण वेगानं घसरत खेळलं की पाऊण-एक मिनिटात दम संपतो. म्हणून खेळ चालू असतानाच एक फळी कठड्याबाहेर येते, दुसरी आत उतरते. क्रिकेटच्या बाराव्या गड्यासारखं नुसतं पाणी नेऊन भागत नाही.

मला कौतुक दुसऱ्या गोलरक्षकाचं. सगळा जामानिमा चढवून ती बाकावर बसते. पहिलीला दुखापत झाली, की अंग आखडलेलं असतानाच तिला थेट जाळीसमोर उभं राहावं लागतं.