प्रकार-तपासणीऐवजी बहुरूपता : वीज आकारणीच्या उदाहरणातून विवेचन

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे विद्यार्थी पॉलिमॉर्फिझमची, म्हणजेच बहुरूपतेची, व्याख्या अचूक लिहितात. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिताना मात्र प्रत्येक ऑब्जेक्टला त्याचा प्रकार विचारत बसतात. या सवयीने काय बिघडते, हे प्रस्तुत लेखात वीज आकारणीच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडी येथे घरे व दुकाने दाटीने आहेत. शेजारीच चिकलठाणा औद्योगिक वसाहत आहे आणि शहराबाहेर शेतीपंप आहेत. वीज महावितरणचीच, परंतु आकारणीची रीत भिन्न. घरगुती ग्राहकास १००, ३००, ५०० युनिट अशा टप्प्यांनी वाढता दर लागतो. उच्चदाब उद्योगास वापराखेरीज केव्हीएवर मागणी आकार द्यावा लागतो. मीटर नसलेल्या शेतीपंपाची आकारणी अश्वशक्तीवर होते.

विद्यार्थी साहजिकच 'घरगुती असेल तर, औद्योगिक असेल तर, शेती असेल तर, अन्यथा व्यापारी' अशी इफ-एल्सची साखळी लिहितो. हीच साखळी पुढे विलंब आकारात व बिलाच्या छपाईतही येते. २०१८ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने विद्युत वाहन चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली. असा नवा ग्राहक आल्यास वरील प्रोग्राम थांबत नाही, चूकही दाखवत नाही. 'अन्यथा'मध्ये शिरून व्यापारी दराचे बिल छापतो. खरा धोका या मौनात आहे.

बहुरूपतेत 'ग्राहक' हा अमूर्त क्लास असतो व 'आकार' ही त्याची अमूर्त मेथड. प्रत्येक उपक्लास आपली रीत स्वतः सांगतो. बिल काढणारा भाग केवळ 'आकार' मागतो. नव्या क्लासमध्ये ती मेथड लिहावयाची राहिल्यास जावाचा कंपायलर प्रोग्राम स्वीकारतच नाही. डाल व नायगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतील व्हर्च्युअल प्रोसीजर हे या कल्पनेचे आरंभीचे रूप. (आपला बहुरूपी एकटाच अनेक सोंगे घेतो, येथे हाक एक आणि ओ देणारे अनेक.)

तथापि, घराच्या पुढच्या खोलीत दुकान निघाले की ग्राहक तोच राहून वर्गवारी बदलते, आणि निर्माण झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास जावात बदलता येत नाही. म्हणून उपक्लास ग्राहकाचे न करता 'दरयोजना' या स्वतंत्र क्लासचे करावेत व ग्राहकाकडे त्यांपैकी एक ऑब्जेक्ट द्यावा. योजना बदलली, तरी ग्राहक क्रमांक व जुनी थकबाकी अबाधित राहते.

प्रकार-तपासणी सर्वस्वी टळते असे मात्र नाही. फाइलमधून वर्गवारीचा संकेतांक येतो, तेव्हा कोणती दरयोजना निर्माण करावी हे तपासावेच लागते. ती तपासणी त्या एकाच ठिकाणी असावी, आणि तेथील 'अन्यथा'ने अनोळखी संकेतांकावर प्रोग्राम थांबवावा.