वकिलातीची वाट

आपल्या जालना जिल्ह्यातील असई हे गाव इतिहासात एका लढाईमुळे अजरामर झाले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज व वेलस्लीची इंग्रज फौज यांची गाठ पडली आणि हजारो माणसे मेली वा घायाळ झाली. पण या लढाईच्या आधीचे पान आपण सहसा वाचत नाही. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत बोलणी करीत होता. त्या बोलण्यांत इंग्रजांचा स्वार्थ होताच. तरीही ती चालू होती तोवर युद्ध नव्हते. ऑगस्टच्या आरंभी बोलणी फिसकटली, वकील छावणी सोडून निघाला आणि तोफा पुढे आल्या.

त्या काळच्या वकिलाचे काम आज राजदूत करतो. राष्ट्रकुलातील देशांत त्यालाच उच्चायुक्त म्हणतात. राजदूत म्हणजे मेजवान्या आणि उंची पोशाख, असा आपला समज असतो. वास्तविक तेथील राजकारणाचा अचूक अहवाल दिल्लीस कळविणे, करारमदार करणे, व्यापार वाढविणे ही त्याची मुख्य कामे होत. आखाती देशात मजुराचा पगार अडला, कोणाचा पासपोर्ट हरवला, कोणी परमुलखात मरण पावला, तर त्याच्या घरच्यांना आधार असतो तो आपल्या वकिलातीचाच.

या सेवेतील एक मराठी नाव म्हणजे ज्ञानेश्वर मुळे. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या खेड्यातले मुळे १९८३ साली परराष्ट्रसेवेत दाखल झाले. जपानपासून त्यांचा प्रवास सुरू झाला आणि पुढे ते मालदीवमध्ये उच्चायुक्त व न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचे आत्मकथन मराठीत आहे.

मुळे मालदीवमध्ये असतानाच कसोटीचा प्रसंग आला. १३ फेब्रुवारी २०१३ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळण्यासाठी माले येथील भारतीय उच्चायुक्तालयात शिरले. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीवाचून यजमान देशाचे पोलीस आत पाऊल टाकू शकत नाहीत. नशीदांना बाहेर घालवावे तर त्यांच्या जिवाची काळजी. ठेवून घ्यावे तर शेजाऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ केल्याचा आरोप! शेवटी बोलणी होऊन २३ फेब्रुवारीस ते आपण होऊन बाहेर पडले. मार्चमध्ये त्यांना अटक झाली, एका दिवसाने सुटकाही झाली. मुत्सद्दी प्रत्येक पेच सोडवू शकतोच असे नाही. परंतु दार लावून न घेता तो वेळ मिळवून देतो. कित्येकदा तेवढ्यानेही रक्तपात टळतो.

या सेवेचे दार संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून उघडते. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो आणि मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतूनही लिहिता येतात. इंग्रजीचा एक पेपर मात्र उत्तीर्ण व्हावाच लागतो. निवडीनंतर मसुरी व दिल्ली येथे प्रशिक्षण, मग परदेशी वकिलातीत राहून एक परकी भाषा शिकणे, आणि त्यानंतर तृतीय, द्वितीय, प्रथम सचिव अशा पायऱ्या. साधारण दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलते. मुलांच्या शाळा बदलतात, आईवडिलांच्या आजारपणात जवळ असता येत नाही. ही किंमतही ध्यानात घ्यावी.

मुलींना तर याहून मोठी किंमत मोजावी लागे. सी. बी. मुथम्मा १९४९ साली या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. तेव्हा स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे. पुरुषाला अशी अट नव्हती. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक ताशेरे ओढले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. "बी.ए. करून काय होणार?" हा प्रश्न मला गावी गेल्यावर दरवेळी ऐकावा लागतो, आपल्यापैकी अनेकांना लागत असेल. मित्रमैत्रिणींनो, इतिहास, राज्यशास्त्र आणि भाषा हीच तर मुत्सद्द्याची रोजची अवजारे आहेत, आणि ती आपल्या हाती आधीच आहेत. त्यांना धार लावण्याचे काम मात्र आपले आहे.