वर्कट्री बंद कशी करावी?

संगणकावरील प्रोग्रामचे निरनिराळे टप्पे जपण्याचें काम 'गिट' करितें. २०१५ पासून त्यांत एकाच भांडारावरून 'वर्कट्री' नांवाचे कामाचे अनेक फोल्डर उघडतां येतात. उघडणें सोपें, घोटाळा होतो तो बंद करितांना.

पुष्कळ विद्यार्थी काम संपतांच फोल्डरच पुसून टाकितात. मग तीच शाखा दुसरीकडे उघडावयास जावें, तों गिट म्हणतें, ती वापरांत आहे! दोष गिटचा नव्हे. भांडारांतील नोंद कोणीं खोडली होती? 'गिट वर्कट्री लिस्ट' ही आज्ञा सर्व नोंदी दाखविते, आणि 'गिट वर्कट्री प्रून' अशा मागें राहिलेल्या नोंदी काढून टाकिते.

खरी आज्ञा 'गिट वर्कट्री रिमूव्ह' ही होय. कमिट न केलेला फेरफार किंवा नवी फाईल आढळली, कीं ती नकार देते. येथें चिडून 'फोर्स' जोडणारे, माझ्या मतें, स्वतःचेंच लिखाण पुसतात. 'गिट स्टेटस' देऊन पाहावें व हवें तें कमिट करावें. तेवढें शाखेसह भांडारांत राहातें. मात्र 'गिटइग्नोर'च्या यादींतील फायलींसाठीं ही आज्ञा अडत नाहीं; त्या मुकाट्यानें पुसल्या जातात. त्या आधींच दुसरीकडे ठेवाव्या.