खंडाच्या काठावरचे त्रिनिदाद

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश एक असला, तरी त्याची दोन मुख्य बेटे एका माळेचे मणी नाहीत. नकाशात उत्तरेकडून बेटांची कमान ग्रेनेडापर्यंत खाली उतरते आणि तिचे शेवटचे टोक म्हणून त्रिनिदाद अगदी ओळीत बसल्यासारखे दिसते. ही ओळ फसवी आहे. मार्टिनिक, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा ही बेटे ज्वालामुखींनी घडवली. त्रिनिदादचा उत्तरेकडचा डोंगर मात्र व्हेनेझुएलाच्या किनारी पर्वतरांगेचाच पुढचा भाग आहे. सुमारे ९४० मीटर उंचीपर्यंत चढलेली ही रांग पश्चिमेला समुद्रात उतरते, मोनोस, हुएवोस, चाकाचाकारे या लहान बेटांच्या रूपाने पुन्हा डोके वर काढते आणि पलीकडे पारिया द्वीपकल्पात तशीच पुढे जाते. दोन देशांमधले अंतर अरुंद जागी जेमतेम ११ किलोमीटर आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा मधले उथळ पारियाचे आखात कोरडी जमीनच होते. त्रिनिदादला दक्षिण अमेरिकेचा तुटून राहिलेला काठ मानले, तरच तिथला निसर्ग आणि तिथला पैसा या दोन्हींचा उलगडा होतो.

त्रिनिदादच्या जंगलात हाऊलर माकडे ओरडतात, ऑसेलॉट नावाचे रानमांजर फिरते, टूकन पक्षी दिसतो. जवळच्या टोबॅगोत यांपैकी एकही नाही. पाण्याचेही तसेच. ओरिनोको नदीचे गढूळ गोडे पाणी त्रिनिदादच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला वेढते. प्रवाळाला स्वच्छ खारे पाणी लागते. म्हणून पर्यटकांना होडीतून दाखवायचे बक्कू रीफ टोबॅगोला आहे आणि त्रिनिदादच्या वाट्याला कॅरोनीची खारफुटी आणि तिच्यातले लालभडक आयबिस पक्षी आले आहेत. १४९८ मध्ये कोलंबस या आखातात शिरला तेव्हा पाणी गोडे लागल्याचे त्याला आश्चर्य वाटले होते. एवढे पाणी आणणारी नदी छोट्या बेटावर मावणार नाही, मागे मोठा भूभाग असला पाहिजे, हे त्याने ओळखले. आशिया गाठल्याचा हट्ट न सोडणाऱ्या या माणसाचा हा तर्क मात्र अचूक होता.

याच नदीच्या पूर्वजांनी लाखो वर्षे टाकलेला गाळ आज देशाची तिजोरी भरतो. त्या गाळाच्या थरांत तेल आणि वायू साठला, आणि तो कुठे कुठे आपणहून वर येतो. नैर्ऋत्येकडच्या ला ब्रेआ गावालगत सुमारे १०० एकरांचे डांबराचे तळे आहे. भेगेतून तेल वर झिरपते, त्यातला हलका भाग उडून जातो, जड डांबर उरते. पृष्ठभाग इतका घट्ट की बहुतेक ठिकाणी माणूस त्यावरून चालत जातो, तरी उन्हात टाच किंचित रुतते. सुरकुत्यांमध्ये पावसाचे पाणी साचलेले असते, आणि आज डांबर काढून केलेला खड्डा काही दिवसांत आपोआप भरत येतो. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने १५९५ मध्ये आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवल्या होत्या. दक्षिणेत चिखलाचे ज्वालामुखी आहेत. १९९७ मध्ये पिपारो गावात त्यातला एक उसळला आणि घरे सोडून लोकांना पळावे लागले. दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रात तर १९११, १९२८, १९६४ आणि २००१ मध्ये चिखलाचे एक बेटच वर आले आणि दर वेळी लाटांनी ते धुऊन नेले. देशाच्या बेटांची मोजदाद करणाऱ्याने याचे काय करावे?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की टोबॅगोही खंडाच्या उथळ मंचावरच आहे, मग एवढा भेद कशाला? हे खरे आहे, आणि म्हणूनच तिथे आर्माडिलोसारखे खंडावरचे काही प्राणी सापडतात. पण टोबॅगोचा कणा जुन्या सागरी ज्वालामुखी कमानीच्या खडकांचा आहे. १७७६ मध्ये कायद्याने राखलेले त्याच्या मुख्य रांगेवरचे जंगल ज्या जमिनीवर उभे आहे, तिचे मूळ त्रिनिदादच्या गाळात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाषा, ऊसमळे, गुलामगिरी, कॅलिप्सो, सगळे कॅरिबियन असताना त्रिनिदादला दक्षिण अमेरिकेचे का म्हणायचे? मराठी वाचकाला त्रिनिदादमधले पोर्ट ऑफ स्पेन ठाऊक आहे ते १९७१ च्या क्रिकेटमुळे. गावसकरांची पहिली कसोटी, सरदेसाईंचे शतक आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला विजय, सगळे तिथलेच. पण त्याच वेस्ट इंडीज संघात गयाना आहे, आणि गयाना तर सरळ मुख्य भूमीवर आहे. म्हणजे कॅरिबियन असणे ही इंग्रजी वसाहतींच्या इतिहासाने घडवलेली ओळख आहे. १७९७ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून त्रिनिदाद घेतले, १८४५ पासून कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर आणले, १८८९ मध्ये टोबॅगो प्रशासनाच्या सोयीसाठी त्याला जोडले. या ओळखीला मी खोटी म्हणत नाही. ती खडकांवरून ठरलेली नाही, एवढेच.

समुद्राखालची जमीन मात्र इतिहासाला फारशी जुमानत नाही. १९४२ मध्ये ब्रिटन आणि व्हेनेझुएला यांनी पारियाच्या आखाताचा तळ कराराने वाटून घेतला. समुद्रतळाच्या वाटणीचा जगातला हा अगदी सुरुवातीचा करार, आणि त्याच वर्षी पातोस हे चिमुकले बेट व्हेनेझुएलाकडे गेले. तेलवायूचे साठे अशा रेषा पाहून बनलेले नसतात. आज ड्रॅगन नावाचे वायूक्षेत्र व्हेनेझुएलाच्या हद्दीत आहे आणि वायू द्रवरूप करण्याचा कारखाना त्रिनिदादच्या पॉइंट फॉर्टिनला. नळ टाकायला अंतर फार नाही. अमेरिकेच्या व्हेनेझुएलावरील निर्बंधांमुळे घोडे अडत आले आहे ते परवान्यांपाशी.