आपत्ती आणि शेती (लेखांक ४) : पंचनाम्यापासून खात्यापर्यंत

महापूर, अतिवृष्टी किंवा गारपीट झाल्यानंतर शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होणारी सरकारी मदत ही बुडालेल्या पिकाची किंमत नसून ‘निविष्ठा अनुदान’, म्हणजे पुढच्या हंगामातील बियाणे, खते व औषधे यांच्या खर्चाला दिलेला हातभार असतो, आणि कृष्णाकाठच्या रास्त नाराजीचे मूळ येथेच आहे. हा पैसा मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये उभारलेल्या या निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असून खर्चाचे दर केंद्र ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठी जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायताला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असे दर असून, किमान ३३ टक्के नुकसान आणि दोन हेक्टरांची मर्यादा या अटी त्यांना जोडलेल्या आहेत. राज्याला याहून अधिक द्यायचे झाल्यास वरचा बोजा स्वतःच्या तिजोरीतून उचलावा लागतो, जसा महाराष्ट्राने २०२२ च्या अतिवृष्टीनंतर उचलला.

नुकसान ठरते ते पंचनाम्यावर, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी शेतावर जाऊन केलेल्या संयुक्त नोंदीवर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा शिराळा, वाळवा, पलूस व मिरज तालुक्यांतील नदीकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. उसाचे नुकसान मात्र पाणी ओसरताच पुरते दिसत नाही. पोंग्यात गाळ बसून शेंडा कुजतो, वाढ थांबते, कांड्यांवरचे डोळे फुटू लागतात, आणि तरीही बांधावरून पाहणाऱ्याला फड उभाच दिसतो, त्यामुळे घाईने केलेल्या नोंदीत खरी हानी उतरेलच असे नाही. शिवाय वीस गुंठे ऊस गेलेल्या शेतकऱ्याला बागायताच्या दराने सुमारे ३,४०० रुपयेच मिळतात. तासगाव, मिरज भागातील द्राक्षबागेचा वर्षाचा खर्च एकरी लाखांच्या घरात जातो, तर बहुवार्षिक दराने एकराला येतात साधारण ९,००० रुपये. हंगामी पेरणी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही पद्धत भांडवली शेतीला पुरी पडत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

राज्य सरकारनेही २०१९ मध्ये ही अपुरी बाजू एका परीने मान्य केली होती, कारण तेव्हा पूरबाधित पिकांवरील एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचा आणि कर्ज न घेतलेल्यांना नेहमीच्या दराच्या तिप्पट मदत देण्याचा निर्णय झाला. तो निर्णय मात्र त्या पुरापुरताच राहिला.

जनावरांसाठी दर वेगळे आहेत: दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलामागे ३२,००० आणि शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये.

सर्वांत मोठी उणीव हक्कदार ठरवण्यात आहे. मदत सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावे निघते, त्यामुळे खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्याने बियाणे-खताचा खर्च स्वतः केला असला तरी पैसा मालकाच्या खात्यावर जातो. अनुदान जर निविष्ठांसाठीच आहे, तर पंचनाम्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाचा रकाना असावा आणि गावपातळीवरील खातरजमेनंतर रक्कम त्याच्याच खात्यावर जमा व्हावी.