थोरांग-लासाठी सॅक भरताना

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकची जुनी वाट बेसीसहरपासून सुरू होते. उंची जेमतेम 760 मीटर. भाताची खाचरं, केळीची झाडं आणि दुपारी अंगावरून निथळणारा घाम. याच वाटेवर पुढे थोरांग-ला ही खिंड लागते, 5,416 मीटरवर. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे नुसत्या उंचीमुळेच तीस अंशांचा फरक पडतो, पहाटेचा गारठा आणि वारा वेगळाच. दोन्हीकडे पाठीवर सॅक मात्र एकच असते.

ओळखीत कुणी नोव्हेंबरात तिकडे निघालं की मी त्यांना सगळं सामान आधी जमिनीवर मांडायला सांगते. मधोमध हमखास एक जाडजूड जॅकेट असतं, सगळ्यांत महागाचं. शेजारी सुती टी-शर्ट, जीन्स, घरचा जुना स्वेटर. जॅकेटचं नंतर बघता येतं. मी आधी सुती कपडे बाजूला काढते.

सूत घाम पितं आणि सहजासहजी सोडत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला टी-शर्ट अंगातली ऊब काढून घेत राहतो. चढताना ते जाणवत नाही. विसाव्याला बसलं की थोड्याच वेळात हुडहुडी भरते. म्हणून अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर हवी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते, तरी ओलीगच्च वाटत नाही. भर पावसात माळावर उभ्या असलेल्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी असते ती उगाच नाही. त्या जुन्या स्वेटरची लोकर खरी असेल तर तो जरूर न्यावा. ॲक्रिलिकचा असेल तर त्याऐवजी फ्लीस घ्यावं. ते हलकंही असतं आणि लवकर वाळतं. त्यावर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. चालताना एवढं पुरतं. सकाळी निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. निघतानाच ऊबदार वाटलं तर पहिल्या चढावर घामाने भिजणार.

पिसांचं जाड जॅकेट थांबल्यावर घालायचं. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने बलूनच्या कापडात पिसं भरून कोट शिवून घेतला होता. बाकीच्यांची भिस्त ट्वीड आणि लोकरीवर होती, त्यांनी आधी त्याची टर उडवली. थंडी वाढल्यावर मात्र त्यांना त्याचा हेवा वाटू लागला. पिसं फुगतात तेव्हा त्यांच्यात हवा अडकते, आणि ऊब या हवेमुळे राहते. भिजली की पिसं गोळा होतात आणि जॅकेटचा उपयोग संपतो. म्हणून ते जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सॅकमध्ये वरच ठेवावं.

पण मला विचाराल तर पैसे जॅकेटपेक्षा झोपेवर खर्च करावेत. विरळ हवेत झोप आधीच तुटक लागते. त्यात रात्रभर कुडकुडलं तर दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. या वाटेवर तंबू लागत नाही. लॉजमध्ये गादी असते, रजईही मिळते, पण खोली तापवलेली नसते. सामान काठमांडूच्या थामेल भागात भाड्याने मिळतं, आणि तिथे नजर पारखी हवी. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीमचा आकडा दिसायला सगळ्यांत भारी. तो जीव वाचण्याचा आकडा आहे, त्या थंडीत झोप लागत नाही. निवड कम्फर्टच्या आकड्यावर करावी. या वाटेला रजईच्या जोडीने उणे दहा कम्फर्ट मला पुरेसं वाटतं. त्यातही थामेलमधल्या बऱ्याच मालावर नामांकित कंपन्यांची नक्कल केलेली लेबलं असतात, त्यामुळे छापील आकड्यावर विसंबू नये. बॅग झटकून पसरावी आणि थोडा वेळ तशीच ठेवावी. चांगली पिसं हळूहळू फुगून वर येतात. मग एकेक कप्पा चिमटीत धरून बघावा. नुसतं कापड हाताला लागलं, तर रात्री गारठा तिथूनच आत येणार.

रात्रीसाठी थर्मलचा आणि मोज्यांचा एक वेगळा कोरडा जोड ठेवावा आणि तो दिवसा कधीही घालू नये. मोजे सैल हवेत, घट्ट मोज्यांत रक्त नीट फिरत नाही आणि बोटं गार पडतात. झोपताना तोंड बॅगेबाहेर ठेवावं, नाहीतर श्वासाची वाफ आत साचते. पायाशी गरम पाण्याची बाटली, झाकण दोनदा तपासून. सकाळी तेच पाणी प्यायला होतं.

खिंडीच्या दिवशी लोक अंधारातच निघतात, कारण दिवस चढला की वारा सुटतो. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे 20 ची थंडी लागते. हातमोज्यांचे दोन थर, कानटोपी आणि नाकावर बफ हवंच. पाण्याची बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंडाशी पाणी राहतं.

14 ऑक्टोबर 2014 रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळाचे अवशेष इथवर पोचले आणि ऐन हंगामात हिमवादळ झालं. थोरांग-ला आणि आसपासच्या भागात चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्यांत परदेशी ट्रेकरांबरोबर नेपाळी गाइड आणि पोर्टरही होते.

म्हणून माझ्या यादीतला शेवटचा भाग तुमच्या सॅकबाहेरचा आहे. तुमची सॅक जो उचलणार त्याच्या पायात काय आहे, त्याच्याकडे हातमोजे, गॉगल आणि पांघरूण आहे का, हे एजन्सीला पैसे भरण्याआधी विचारा. नसेल तर आपलं सामान भाड्याने घेताना त्याच्यासाठीही जॅकेट आणि स्लीपिंग बॅग घ्या.